बँकोचं भूत आणि तिरकी काच

मेलेला गायक ‘होलोग्राम’ने रंगमंचावर गायला, अशी बातमी अधूनमधून येते आणि फॉरवर्ड होत राहते. 1996 मध्ये गोळीबारात गेलेला रॅपर टुपाक शकूर 2012 च्या कोचेला या अमेरिकी संगीत महोत्सवात असाच ‘अवतरला’. होलोग्रामचा तिथे काही संबंध नव्हता. प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाची, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या नक्षीची, नोंद म्हणजे होलोग्राफी. त्यासाठी डेनिस गाबोरना 1971 चं नोबेल मिळालं. कोचेलातली करामत शाळेतल्या परावर्तनाच्या धड्यात बसते. 24 डिसेंबर 1862 ला ती लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी दाखवली. कल्पना हेन्री डर्क्स यांची, नाव झालं पेपर यांचं.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला भलीमोठी काच, प्रेक्षकांकडे झुकलेली. तिच्यापुढे खाली, काळ्या कापडाने मढवलेल्या खड्ड्यात भुताचं काम करणारा नट, त्याच्यावर झगझगीत प्रकाश. तो काचेपुढे जितक्या अंतरावर, तितकाच काचेमागे, म्हणजे थेट रंगमंचावर दिसतो. रात्री गोव्यातल्या कदंब बसच्या खिडकीत आपला चेहरा बाहेरच्या माडांवरून धावताना दिसतो ना, तेच हे. बसमधला दिवा विझला की चेहरा गुल.

आता थोडं गणित. प्रकाश काचेवर 45 अंशांत पडला तर प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 5 टक्के परतवतो. पृष्ठभाग दोन, म्हणजे भुताच्या वाट्याला 10 टक्के. मागच्या नटाचा 90 टक्के प्रकाश आरपार येतो. दोघं सारखे उजळ दिसायला हवे असतील तर खड्ड्यात नऊपट प्रकाश लागेल. कमी ठेवला की भूत आरपार दिसतं, आणि नाटकवाल्यांना हवं असतं तेच. दोन पृष्ठभागांमुळे प्रतिमाही दोन पडतात. काचेचा वक्रीभवनांक (काच प्रकाश किती वाकवते त्याचं माप) 1.5 धरला तर 10 मिलिमीटर जाडीला त्या साधारण साडेसात मिलिमीटरने सरकतात. आज काचेऐवजी पातळ पारदर्शक फिल्म ताणतात, म्हणून कडा दुहेरी दिसत नाहीत. (आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांत मात्र कोणी देवचार (गावचं राखणदार भूत) पाहिल्याचं सांगितलं तर हा खुलासा चालणार नाही, शिंपला प्रकाश विखरून टाकतो. तिथे सांगणाऱ्यालाच तपासावं.)

मला सगळ्यात आवडते ती पुढची गोम. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’च्या तिसऱ्या अंकातल्या चौथ्या प्रवेशात, मॅकबेथने मारवलेल्या बँकोचं भूत मेजवानीत येऊन बसतं, ते फक्त मॅकबेथला दिसतं. ‘हॅम्लेट’मध्येही त्याच अंकात, त्याच क्रमांकाच्या प्रवेशात, राजाचं भूत मुलाला दिसतं आणि आईला नाही. पेपर यांची काच नेमकं उलटं करते. परावर्तित किरण प्रेक्षकांकडे जातात, काचेमागच्या नटाकडे नाहीत. म्हणजे सगळ्या सभागृहाला भूत दिसतं, एकट्या मॅकबेथला नाही! बिचाऱ्याने ठरलेल्या खुणेकडे बघून घाबरायचं.

आवाजाची अडचण वेगळीच. काचेमागच्या नटांचे संवाद काचेतच अडतात, भुताचे खालच्या खड्ड्यात. बँको अवाक्षर बोलत नाही, त्याचं निभेल. पण हॅम्लेटचा बाप लांबलचक हकिगत सांगतो, मुलगा त्याला उत्तरं देतो, ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘पर्शियन्स’मध्ये (इ. स. पूर्व 472) दारियस राजाचं भूत तर लढाईची मीमांसा करतं. अशा बोलक्या भुतांना हाडामांसाचा नटच बरा. ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ करणाऱ्या आगरकरांसारख्या कट्टर बुद्धिवाद्यालाही नाटकातल्या भुताचं वावडं नव्हतं.

देवळासमोरच्या मंडपात, जत्रेच्या नाटकात, ही काच कोणी उभी करणार नाही. लोक तिन्ही बाजूंनी बसलेले, आणि कडेला बसलेल्याची नजर काचेतून जाणारच नाही, त्याला भूत दिसणार नाही. तिथे हिरवा दिवा आणि तोंडाला फासलेली पावडर एवढ्यावर भागतं.