एक काचपट्टी, डबल टेप आणि नागपूरचं ऊन

मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर भर दुपारी कोणी उभं राहत नाही, पण आम्ही राहिलो, कारण सांडपाण्यातलं औषध उन्हाने तोडता येतं का हे बघायला आम्हाला तेच ऊन पाहिजे होतं. सलाईनची बाटली कपडे वाळवायच्या तारेला टांगली, त्यात औषधाऐवजी मिथिलीन ब्लू या रंगाचं पातळ निळं पाणी भरलं आणि नळी खाली एका काचपट्टीला जोडली. मायक्रोस्कोपला वापरतो तीच काचपट्टी, तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा थर (भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पावडर), त्यावर डबल टेप, टेपमधे ब्लेडने कापलेली नागमोडी वाट आणि वरून जुन्या ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट. पंप नाही, वीज नाही, सलाईनचं चाक फिरवून मिनिटाला एक थेंब ठेवला की झालं. वरून निळं पाणी जात होतं आणि खाली इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत जवळजवळ रंग गेलेलं पाणी जमत होतं.

ही वाट साधारण एक दशांश मिलिमीटर उंच, म्हणजे केसाच्या जाडीएवढीच. अशा बारीक वाटांमधून पाणी खेळवायच्या शास्त्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात.

आता वाट इतकी बारीक काहून पाहिजे? तर टायटॅनियम डायऑक्साइडवर उन्हातले अतिनील किरण पडले की पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार तापट कण तयार होतात, ते समोर येईल तो सेंद्रिय रेणू तोडतात, पण त्यांचं आयुष्य एवढंसं असतं की ते थराची ही भिंत सोडून लांब जाऊच शकत नाहीत. म्हणजे औषधाच्या रेणूलाच भिंतीपर्यंत यावं लागतं. आणि रेणू स्वतःहून सरकतो तेव्हा अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. एक दशांश मिलिमीटरला दहाएक सेकंद लागत असतील तर एक मिलिमीटरला पाव तास, आणि एक सेंटिमीटरला अख्खा दिवस उलटून जातो! बादलीत पाणी ढवळावं लागतं ते म्हणूनच, इथे मात्र भिंत कायम हाताशी असते.

औषधांच्या पाण्याची मला एवढी काळजी का, तर २००७ मधे स्वीडनच्या संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूचा अभ्यास छापला. तिथल्या प्लांटमधे तेव्हा सुमारे ९० औषध कंपन्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध होत होतं, आणि शुद्ध करून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. म्हणजे शुद्ध झालेल्या पाण्यातसुद्धा. नेहमीच्या प्लांटमधे घाण खायचं काम जिवाणू करतात आणि अँटिबायोटिक तर जिवाणू मारायलाच बनवलेलं आहे, जे त्यातून वाचतात ते त्या औषधाला न जुमानणारे असतात आणि तेच पाण्याबरोबर पुढे जातात. आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे गोसीखुर्दचं धरण. एकदा औषध नाल्यात मिसळलं की ते वेगळं काढणं फार अवघड, म्हणून मला मनापासून वाटतं की हे काम नदीकाठी नाही, कारखान्यात औषधाचं भांडं धुतात तिथेच व्हायला पाहिजे.

कारण हिशोब स्पष्ट आहे. सलाईनचे वीस थेंब म्हणजे एक मिली, मिनिटाला एक थेंब म्हणजे तासाला तीन मिली, सहा तासांच्या उन्हात अठरा. दहा हजार पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या तरी १८० लिटर. नाल्यासाठी हे काहीच नाही, पण ज्या भांड्यात औषध बनलं त्याचं पहिलं विसळण थोडंसंच आणि सगळ्यात जास्त औषध असलेलं असतं, तेवढं बाजूला काढलं तर या आकड्यांमधे बसवता येतं. शिवाय कोणता थर, किती ऊन, किती वेग, हे तपासायचं असेल तर चमचाभर पाण्यात शंभर प्रयोग होतात, आणि आज तरी मला याचा हाच उपयोग सगळ्यात मोठा वाटतो.

अडचणी खऱ्या आहेत. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात थेंब थांबला, आम्हाला वाटलं कचरा अडकला, पाहिलं तर बुडबुडा! पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर येते आणि एवढ्या बारीक वाटेत एक बुडबुडा बूच मारल्यासारखा बसतो. मग पाणी आधी उकळून थंड करून घेतलं. दुसऱ्या दिवशी उन्हाने टेपचा गोंद सैल होऊन कडेने गळायला लागलं. आणि खऱ्या सांडपाण्यात तर गाळ असतो, तो आधी गाळून घेतल्याशिवाय तासभरही चालणार नाही, त्यातले क्षार आणि इतर सेंद्रिय पदार्थच ते रॅडिकल संपवून टाकतात ते वेगळंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग गेला याचा अर्थ सगळं गेलं असा होत नाही. आम्ही पट्टी आधी पेपरखाली झाकून चालवली होती तरी सुरुवातीला पाणी फिकं आलं, कारण रंग नुसता थरावर चिकटत होता, थर भरल्यावर परत निळं यायला लागलं आणि मगच आम्ही पेपर काढला. औषधाचं तर आणखी अवघड, मूळ रेणू तुटतो पण तुकडे उरतात आणि एखादा तुकडा अजूनही जिवाणूंना भारी असू शकतो. म्हणून पुढच्या वेळी अँटिबायोटिकचं पाणी या वाटेतून गेल्यावर त्याचा एक थेंब जिवाणू वाढवलेल्या डिशमधे टाकायचा आहे, थेंबाभोवती मोकळं वर्तुळ पडलं तर औषध अजून जिवंत आहे, आणि जिवाणू थेंबाखालीही दाट वाढले तर त्यातली मारायची ताकद गेली.