जमाखर्चाची परिभाषा

जमाखर्चाची परिभाषा : व्यापारी, सावकार, सहकारी संस्था, बँका आणि सरकारी कचेऱ्या पैशाच्या व मालाच्या देवघेवीची नोंद ज्या शब्दांत ठेवतात, ते शब्द. जमा, नावे, खाते, कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, येणे, देणे, बाकी, शिल्लक, उचल, घसारा हे त्यांतले रोज कानावर पडणारे. यांतले बरेचसे घरातही वावरतात. पोळ्या शिल्लक राहतात, शेजाऱ्याकडून येणे असते, एखादी गोष्ट बाकी असते. या ओळखीमुळेच घोटाळा होतो. घरातला अर्थ मनात धरून वही वाचायला घेतली की नोंद उलटी वाटू लागते. म्हणून शब्दाचा अर्थ लावण्याआधी वही कुणाची, हे पाहावे लागते. ते एकदा कळले की बाकीचे फारसे अवघड राहत नाही.

सगळा गुंता जमा आणि नावे या जोडीत आहे. ‘दोन किलो साखर माझ्या नावावर मांडा,’ असे गिऱ्हाईक म्हणते, तेव्हा ते नकळत जमाखर्चाचा पहिला नियमच सांगत असते. साखर त्याने घेतली, पैसे दिले नाहीत. म्हणून दुकानदाराच्या वहीत रक्कम त्याच्या नावे पडली. पुढच्या आठवड्यात त्याने पैसे दिले की तेवढी रक्कम त्याच्याच खात्यावर जमा. घेणारा नावे, देणारा जमा. शाळा-कॉलेजात याला जोडून आणखी दोन नियम पाठ करवून घेतात : आलेली वस्तू नावे, गेलेली वस्तू जमा; खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा. तिन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच. जिथे मूल्य पोचले ते खाते नावे, जिथून मूल्य निघाले ते जमा.

समजा, एका किराणा दुकानदाराने ठोक व्यापाऱ्याकडून 10,000 रुपयांचा माल उधार घेतला. दुकानदाराच्या वहीत खरेदी खाते नावे आणि व्यापारी जमा. त्याच दिवशी त्याच व्यवहारासाठी व्यापाऱ्याच्या वहीत मात्र दुकानदार नावे आणि विक्री खाते जमा. पुढे दुकानदाराने 6,000 रुपयांचा चेक दिला, म्हणजे त्याच्या वहीत व्यापारी नावे 6,000 आणि बँक जमा 6,000. राहिलेले 4,000 दुकानदाराच्या दृष्टीने देणे आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीने येणे. रक्कम तीच, माणसे तीच. बदलली फक्त वही. प्रत्येक व्यवहाराची अशी दोन बाजूंनी होणारी नोंद म्हणजे द्विनोंदी पद्धत. युरोपात ती इटलीतल्या व्यापाऱ्यांनी रुळवली, आणि लुका पाचोली या गणिती संन्याशाने 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले.

बँकेच्या पासबुकाने अनेकांना कोड्यात टाकले आहे. आपण बँकेत 5,000 रुपये भरतो; पासबुकात ते ‘जमा’ रकान्यात दिसतात. आपल्या स्वतःच्या वहीत मात्र बँकेचे खाते 5,000 रुपयांनी नावे पडते, कारण घेणारी बँक. यांत चूक कोणाचीच नाही. पासबुक म्हणजे बँकेच्या खातेवहीतल्या आपल्या पानाचा उतारा. ती बँकेची वही आहे आणि तिच्या लेखी देणारे आपण. इंग्रजीत नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट. मोबाइलवर येणारा ‘खाते डेबिट झाले’ हा संदेशही बँकेच्याच तोंडचा. तो वाचून वाचून डेबिट म्हणजे कापले आणि क्रेडिट म्हणजे मिळाले, एवढाच अर्थ लोकांच्या मनात पक्का बसला आहे. पासबुकापुरता तो चालतो. वाणिज्य शाखेत नव्याने आलेला विद्यार्थी तोच अर्थ घेऊन वर्गात बसतो आणि रोख रक्कम आली तर रोख खाते नावे का, इथे अडतो. त्याला नियम आणखी एकदा पाठ करायला लावून काही होत नाही. त्याच्यापुढे पासबुक आणि त्याची स्वतःची वही शेजारी शेजारी उघडून ठेवावी.

दुसरी अडचण डाव्या-उजव्या बाजूची. जुन्या पद्धतीच्या वहीत आखलेले रकाने नसत. लांबट कागदाला घड्या घालून त्या घड्यांचेच रकाने करत. तिच्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी पद्धतीत उलट : नावे डावीकडे, जमा उजवीकडे. रोजमेळात तर आणखी एक गंमत आहे. रोजमेळ म्हणजे दिवसभराच्या रोखीचा हिशेब. एका दुकानाचा एक दिवस घेऊ. सकाळची शिल्लक 2,350, रोख विक्री 8,400, उधारी वसूल 1,200. डाव्या, जमेच्या बाजूची बेरीज 11,950. उजवीकडे माल खरेदी 5,000, हमाली 150, बँकेत भरणा 4,000, घरखर्चाला उचल 500; एकूण 9,650. अखेर शिल्लक 2,300. गल्ल्यातल्या नोटा मोजल्या, तेवढ्याच भरल्या, तर मेळ बसला. आता हाच दिवस पाठ्यपुस्तकातल्या रोकडपुस्तकात लिहिला तर आलेली रोख डावीकडेच येते, पण त्या बाजूचे नाव ‘नावे’. कारण रोकडपुस्तक हे खुद्द रोखीचे खाते आहे, रोख आत आली म्हणून ती नावे. रोजमेळात मात्र ज्याच्याकडून रक्कम आली त्याच्या अंगाने लिहितात : अमक्याचे जमा, विक्रीचे जमा. जागा तीच राहून नाव पालटते ते यामुळे, आणि दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत.

जमा हा शब्द मूळ अरबी, अर्थ गोळा करणे. फारसीतून तो राज्यकारभारात आला, तेव्हा आजच्यापेक्षा वेगळा अर्थ घेऊन. मोगल महसुलात जमा म्हणजे आकारणी, जेवढे यायला हवे तेवढे. प्रत्यक्ष हाती पडले ते हासिल किंवा वसूल, आणि उरले ते बाकी. पुण्यातल्या जमाबंदी आयुक्तांच्या नावात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. जमाबंदी म्हणजे जमिनीच्या साऱ्याची आकारणी ठरवणे. वसूल म्हणजे पोचणे. बाकी म्हणजे उरलेले. बाकीवरूनच थकबाकी झाली, वजाबाकी झाली आणि देणे उरले नाही असे सांगणारा ‘बेबाकी दाखला’ झाला. स्पष्टवक्ता या अर्थाने हल्ली वापरतात तो ‘बेबाक’ निराळा. तो ‘भय’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून आला. रक्कम, हिशेब, वजा, नफा, ऐवज, बेरीज हेही अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. गोषवारा हा फारसी शब्द तर कानातल्या दागिन्यालाही लावतात आणि हिशेबाच्या सारांशालाही.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदार म्हणजे हिशेब तपासणारा अधिकारी. 1674 च्या राज्याभिषेकानंतर तो अमात्य झाला. पदनामे बदलली, पण वहीतले शब्द हलले नाहीत. जमा, वसूल आणि बाकी पेशवाईच्या दप्तरातही तसेच राहिले. शब्द बाजारात रुजला की दरबाराच्या हुकुमाने तो उपटत नाही, असे मला यावरून वाटते. हिशेब लिहिणारी माणसे आडनावांतही शिल्लक आहेत. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फडणीस. जमेनीस, पोतनीस, पोतदार, दफ्तरदार ही त्याच कुळातली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतल्या विभागांची नावे वाचली तरी ही परिभाषा डोळ्यांपुढे उभी राहते : रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास. अजमास म्हणजे पुढच्या वर्षाचा अंदाज, आजच्या भाषेत अर्थसंकल्प. प्रत्यक्ष जमाखर्चाचा वर्षअखेरचा मेळ तो ताळेबंद.

नोंदीचा प्रवास असा. व्यवहार झाला की तो तारखेच्या क्रमाने कीर्दीत लिहितात. कीर्द वाचून दिवस कळतो, माणूस कळत नाही. एखाद्याकडे किती येणे आहे हे पाहायचे तर त्याच्या सगळ्या नोंदी एका पानावर हव्यात. कीर्दीतून उचलून त्या ज्याच्या त्याच्या खात्यावर नेणे म्हणजे खतावणी. त्या वहीलाही खतावणीच म्हणतात, पुस्तकात खातेवही. पान भरले की बेरीज पुढच्या पानावर ओढतात. ‘मागील पानावरून पुढे चालू’ हा वाक्प्रचार तिथून निघून राजकारणापर्यंत पोचला. सगळ्या खात्यांच्या बाक्या एकत्र मांडल्या की तेरीज होते. नावे आणि जमा या बाजूंच्या बेरजा जुळल्या पाहिजेत. न जुळल्या तर चूक नक्की आहे. जुळल्या तर मात्र चूक नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. एका पाटलांचे 700 रुपये दुसऱ्या पाटलांच्या खात्यावर जमा झाले तरी तेरीज बिनबोभाट जुळते. ती चूक खातेदाराला उतारा पाठवला तरच सापडते. म्हणून येणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांच्याकडून येणे आहे त्यांना, वर्षातून एकदा तरी बाकीची खात्री करून घेणारे पत्र पाठवावे, असा आग्रह लेखापरीक्षक धरतात, आणि तो रास्त आहे.

तेरजेतून नफा-तोटा पत्रक निघते आणि उरलेल्या बाक्यांचा ताळेबंद होतो. गणिताचा ताळा करून पाहण्याच्या ‘ताळ्या’शी हा शब्द जोडलेला आहे. त्याचा टाळ्याशी, म्हणजे कुलपाशी, संबंध नाही, टाळेबंदी वेगळी. सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या एका बाजूला ‘भांडवल व देणी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जिंदगी व येणी’ असे मथळे अजून छापलेले आढळतात. इथे जिंदगी म्हणजे आयुष्य नव्हे, मालमत्ता. वार्षिक सभेत सभासद हमखास विचारतात की झालेला नफा देण्यांच्या बाजूला कसा. उत्तर पुन्हा वहीच्या मालकीत आहे. वही संस्थेची आहे, आणि नफा हा संस्थेचे सभासदांना देणे. भांडवलही त्याच न्यायाने तिकडे बसते.

घसारा घासण्यावरून आला, आणि यंत्र झिजते ते या शब्दात जितके दिसते तितके दुसऱ्या कशात दिसत नाही. पिठाच्या गिरणीचे यंत्र 2,00,000 रुपयांना घेतले आणि घटत्या शिल्लकेवर 15 टक्के घसारा धरला, तर पहिल्या वर्षी 30,000, दुसऱ्या वर्षी 25,500, तिसऱ्या वर्षी 21,675. तीन वर्षांनी वहीत यंत्राची किंमत 1,22,825 उरते. दरवर्षी सारखाच घसारा धरण्याची स्थिर पद्धतही आहे. घसाऱ्यात कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, तरी तो खर्च आहे. तो न धरता नफा काढणारा गिरणीवाला स्वतःचे यंत्रच थोडे थोडे खात असतो.

उचल या शब्दाला महाराष्ट्रात तीन अर्थ आहेत आणि तिन्हींत पैशाची दिशा वेगळी. दुकानदार घरासाठी गल्ल्यातून घेतो ती उचल. ती धंद्याचा खर्च नव्हे, मालकाच्या भांडवलातून वजा होते. साखर कारखाना उसाचा पहिला हप्ता देतो ती ‘पहिली उचल’. शेतकऱ्याचे ते येणे असते आणि तिच्या आकड्यावरून दर हंगामात आंदोलने होतात. तिसरी, ऊसतोड मजुराची. गाव सोडण्याआधी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेते आणि हंगामभर तोडीच्या मजुरीतून ती फेडते. मुकादमाच्या वहीत ती मजुराच्या नावे असते. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावे लागते. ही वही मजुराने वाचलेली नसते. पुष्कळदा त्याच्याकडे पावतीही नसते. मजुराच्या हातात त्याच्या खात्याचा उतारा असणे हा त्याचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

पावती हा शब्द पावणे, म्हणजे पोचणे, यापासून आला. पैसे पावले, त्याची खूण ती पावती. येणेकरी आणि देणेकरी यांना पुस्तकांत अनुक्रमे ऋणको आणि धनको म्हणतात. शब्द चांगले आहेत, पण परीक्षेबाहेर कुणाच्या तोंडी नाहीत. शिकवताना आधी ‘याच्याकडून येणे, त्याचे देणे’ म्हणावे आणि मग ऋणको-धनको सांगावेत. व्याजाचा संस्कृतातला अर्थ निमित्त, कपट. मराठीत तो सावकाराच्या कमाईला लागला. वटणे म्हणजे चेकचे रोखीत रूपांतर होणे. खाते तर वहीतून निघून कुठल्या कुठे पोचले. मंत्र्याला खाते मिळते, आणि शेतकऱ्याला तलाठ्याकडून आठ-अ चा खाते उतारा. एका गावात आपल्या नावावर किती जमीन आहे, हे त्यात एकत्र दिसते.

बोलण्यात या शब्दांनी नवे अर्थ धरले आहेत. गुण म्हणजे ‘जमेची बाजू’, ठकवले गेलो तर पैसे ‘अक्कलखाती’, परत येण्याची आशा सुटली की ‘बुडीत खाती’. विचारात घेणे म्हणजे जमेस धरणे. नावे हा शब्द मात्र वहीतच राहिला. दोष सांगताना कुणी ‘नावेची बाजू’ म्हणत नाही.

व्यापाऱ्यांचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते. वहीपूजनात पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून नवी वही उघडतात. कायद्याचे आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असल्याने प्रत्यक्ष हिशेब ‘मार्चएंड’लाच मिटतो, आणि आता तो बहुतेक ठिकाणी संगणकावर लिहिला जातो. पाडव्याच्या पूजेला लाल बासनाच्या वहीशेजारी लॅपटॉपही ठेवलेला असतो, दोन्हींना हळदकुंकू वाहिलेले.