प्लगइनचे लायसन्स कुठे ठेवायचे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गणपतीच्या आधी कुडाळ, कणकवली, रत्नागिरीतल्या छोट्या स्टुडिओंत भजनांच्या आणि आरत्यांच्या रेकॉर्डिंगची घाई असते. कॉम्प्युटर एकच, त्यावर मालकाचे एक लॉगिन आणि कामाला असलेल्या मुलांचे दुसरे. मालकाने रीतसर विकत घेतलेला रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) त्याच्या लॉगिनवर नीट चालतो, आणि संध्याकाळी दुसऱ्या लॉगिनवर तोच 'डेमो' म्हणून उघडून पखवाजाच्या ट्रॅकमध्ये मध्येच आवाज बंद करतो. प्लगइनच खराब आहे असे समजून शिव्या दिल्या जातात. प्रत्यक्षात गोंधळ बऱ्याचदा एका फाइलच्या जागेचा असतो.

१९९६ मध्ये व्हीएसटी (प्लगइन बनवण्याची एक ठरलेली पद्धत) आले तेव्हा याची कुणाला फिकीर नव्हती. सेटिंग्जची फाइल डीएलएलच्या, म्हणजे प्लगइनच्या मुख्य फाइलच्या शेजारी, सिरीयल नंबर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत. घरच्या एक्सपीवर जो तो अ‍ॅडमिनच असे, त्यामुळे कुठेही लिहिले तरी खपून जाई. महागड्या प्लगइनना डाँगल (कॉम्प्युटरला जोडायची लायसन्सची चावी) असे, त्यांचा प्रश्न वेगळा.

२००७ च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला बंदी झाली. जुने सॉफ्टवेअर एकदम कोसळू नये म्हणून विंडोजने एक पळवाट ठेवली: तिथे लिहायला गेलेली फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवली जाई. पण ही सोय फक्त ३२ बिटच्या आणि मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीत) परवानगीची पातळी न सांगणाऱ्या प्रोग्रॅमनाच होती. आणि इथे प्रोग्रॅम म्हणजे होस्ट, प्लगइन ज्यात उघडतो ते रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर. प्लगइनला त्यात काही म्हणता येत नाही. त्यामुळे तोच प्लगइन एका होस्टमध्ये वळवलेली फाइल वाचून खुशाल चालायचा, आणि दुसऱ्या, ६४ बिटच्या होस्टमध्ये 'अ‍ॅक्सेस डिनाइड' खायचा. आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ हेच आहे: प्लगइन दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये चालतो आणि परवानग्याही त्याच दुसऱ्याच्या असतात.

मग फाइली हलल्या. सेटिंग्जबद्दल फारसा वाद झाला नाही. नॉबची स्थिती होस्ट प्रोजेक्टमध्येच साठवतो. उरलेल्या विंडोचा आकार, थीम, प्रीसेटचे फोल्डर या गोष्टी ज्याच्या त्याच्या 'अ‍ॅपडेटा'त गेल्या. वाद पेटला तो लायसन्सवर. एक मत असे की लायसन्स माणसाचे, म्हणून तेही वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये. दुसरे असे की ते मशीनला बांधलेले आहे, तर सगळ्यांना दिसेल अशा 'प्रोग्रॅमडेटा'त हवे. पहिल्या मताचे लोक बोट ठेवतात ते विंडोजच्या एका नियमावर. 'प्रोग्रॅमडेटा'त साधा वापरकर्ता नवी फाइल बनवू शकतो, पण ती बदलण्याचा हक्क बनवणाऱ्याकडेच राहतो. इतरांना फक्त वाचता येते.

आक्षेप खरा आहे, पण दोष जागेचा नाही. अनेक प्लगइन लायसन्सच्याच फाइलमध्ये 'शेवटची तपासणी' अशी तारीख लिहीत राहतात. मालकाने बनवलेल्या फाइलवर मुलाच्या लॉगिनमधून लिहिणे फसते, आणि प्लगइन सरळ डेमोत जातो. कंपनीच्या खाजगी किल्लीने (फक्त तिच्याकडे असलेल्या गुप्त संकेताने) सही केलेली आणि प्लगइनमधल्या सार्वजनिक किल्लीने पडताळता येणारी फाइल लपवावी लागत नाही, पुन्हा लिहावीही लागत नाही. ती एकदाच लिहून सामाईक जागी ठेवावी आणि बदलणारे सगळे वापरकर्त्याकडे न्यावे. एकाच कॉम्प्युटरवर तिघे काम करतात त्या स्टुडिओसाठी दुसरा कुठलाही मार्ग अन्यायाचा आहे.

मॅकवर २०१२ मध्ये अ‍ॅप स्टोअरच्या सॉफ्टवेअरला सँडबॉक्स (प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरपुरते बांधून ठेवणारे कुंपण) सक्तीचा झाला. सँडबॉक्समधल्या होस्टात 'होम' विचारले की उत्तर येते ते कंटेनरमधले, त्या होस्टच्या स्वतंत्र फोल्डरमधले, म्हणजे एका होस्टात केलेली नोंदणी दुसऱ्याला दिसेलच असे नाही. ज्यूस हे प्लगइन बनवण्याचे साधन वापरणाऱ्या प्रोग्रॅमरांची आणखी एक ठेच: वापरकर्त्याच्या डेटाची जागा मागितल्यावर विंडोजवर 'अ‍ॅपडेटा'तले 'रोमिंग' मिळते, मॅकवर मात्र नुसते 'लायब्ररी'. 'अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट' आपणच जोडावे लागते, नाहीतर आपले फोल्डर भलत्याच ठिकाणी उघडते.

मशीनची ओळख कशावरून काढायची, हा याच वादाचा पुढचा फाटा. बराच काळ नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता वापरला गेला. किनाऱ्यावर कित्येक जण मोबाइल केबलने जोडून नेट घेतात. तो फोनही विंडोजला नेटवर्क कार्डच दिसतो. अशा वेळी अ‍ॅक्टिव्हेट केलेले लायसन्स केबल काढल्यावर मशीनला ओळखेनासे होऊ शकते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड भागांत वीज आणि नेट कित्येक दिवस नव्हते. जनरेटरवर कॉम्प्युटर चालू करता येतो, पण ठरावीक दिवसांनी सर्व्हरला विचारणारे लायसन्स तेवढ्याने जागे होत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरातून हार्ड डिस्क वाचली तरी तिच्यावरची लायसन्सची फाइल नव्या मशीनवर निरुपयोगी असते, आणि बुडालेल्या मशीनवरून 'डीअ‍ॅक्टिव्हेट' करणे शक्यच नसते.

म्हणूनच जुने मशीन वेबवरच्या खात्यातून मोकळे करता येणे, आणि विनंतीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन नेट असलेल्या ठिकाणाहून उत्तराची फाइल आणता येणे, या दोन सोयी असलेले प्लगइन इथे विकत घेण्याजोगे ठरतात. काही कंपन्या दोन्ही देतात. काही अजूनही फक्त ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन देतात, तेही मोजक्याच वेळा.