घाव न बसता तुटणारी अंगठ्याची दोरी

हात टेबलावर पालथा ठेवा आणि बाकीची बोटं न हलवता फक्त अंगठा वर उचला. मनगटाकडून अंगठ्याकडे जाणारी एक ताठ दोरी त्वचेखाली उठून दिसेल. तिच्या शेजारी खळगा पडतो. पूर्वी लोक त्यात तपकीर घेऊन ओढत, म्हणून शरीररचनाशास्त्रात त्याचं नावच तपकिरीची डबी असं पडलं आहे. ही दोरी म्हणजे अंगठा मागे उचलणारी लांब कंडरा. बोलताना आपण तिला ‘नस’ म्हणतो, पण तिच्यातून ना रक्त वाहतं ना संवेदना. स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणं एवढंच तिचं काम.

विळीने किंवा काचेने ती कापली गेली तर लगेच कळतं. अवघड असतं ते घाव न बसता तुटणं. घसरून हातावर पडलेल्या माणसाचं मनगटाचं हाड मोडतं, प्लास्टर लागतं, हाड छान जुळतं. मग एक दिवस गुंडी लावताना अंगठा उठतच नाही. दुखतही फारसं नाही, त्यामुळे ‘प्लास्टरमुळे हात आखडला असेल’ असं समजून माणूस तेल लावून चोळत बसतो. बऱ्याचदा हे हाड मोडल्यावर सहा-आठ आठवड्यांनी घडतं, कधी त्याच्याही आधी किंवा बरंच नंतर.

मनगटाच्या मागच्या बाजूला हाडाचा एक छोटा उंचवटा असतो. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर यांचं नाव त्याला आहे. विहिरीचा दोर कप्पीवरून वळावा तशी ही कंडरा त्या उंचवट्याला वळसा घालून अंगठ्याकडे जाते. तिथे ती एका अरुंद बोगद्यातून सरकते आणि नेमका तिथेच तिचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. गंमत अशी, की हाडाचे तुकडे जागचे हललेले नसतात तेव्हा हा धोका जास्त. कारण बोगद्याचं छत शाबूत राहतं, आत साचलेलं रक्त आणि सूज यांना वाट मिळत नाही, कंडरेवर दाब येतो आणि ती उपासमारीने झिजत जाते. वर हाडाचा खडबडीत काठ घासतो तो वेगळाच.

नुसत्या घासण्यानेही ती तुटू शकते. १९व्या शतकात प्रशियाच्या सैन्यातल्या ढोल वाजवणाऱ्यांचा अंगठा असाच लुळा पडे. आमवातात सुजलेलं आवरण कंडरा पोखरतं. अंगठा वाकवणारी तळव्याकडची कंडरा मनगटात बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या काठावर घासूनही तुटते.

तुटलेली टोकं सरळ शिवून टाकावीत, असं कुणालाही वाटेल. ताज्या, स्वच्छ कापात तसंच करतात. पण झिजून तुटलेल्या कंडरेची टोकं जुन्या सुंभासारखी विसकटलेली असतात आणि वरचा स्नायू आखडून मागे सरकलेला असतो. ओढून जोडलं तर पुन्हा तुटतं. म्हणून शल्यविशारद शेजाऱ्याकडून उसनं घेतात. तर्जनी सरळ करायला दोन कंडरा असतात. त्यातली एक तर्जनीच्या बुडाशी सोडवून, त्वचेखालून वळवून, अंगठ्याच्या तुटलेल्या कंडरेच्या उरलेल्या टोकात वेणीसारखी ओवून शिवतात. दुसरी कंडरा तर्जनीचं काम सांभाळते. ताण किती ठेवायचा यातच खरं कौशल्य आहे: सैल राहिली तर अंगठा उठत नाही, जास्त ताणली तर तळव्याकडे वळत नाही. म्हणून अनेक ठिकाणी फक्त हात बधिर करून, रुग्णाला जागं ठेवून ही शस्त्रक्रिया करतात. टाके पक्के करण्याआधी त्यालाच अंगठा हलवायला सांगतात आणि ताण तिथल्या तिथे जुळवतात.

त्यानंतर साधारण चार आठवडे आधारपट्टी आणि मग व्यायाम. सुरुवातीला रुग्णाला तर्जनी उचलण्याचा विचार करावा लागतो, तेव्हा अंगठा उठतो. सरावाने मेंदूला नवी वाट कळते आणि हळूहळू तर्जनीची आठवण काढावी लागत नाही.