ईसीएम बदलण्याआधी: बीएस-४ ट्रक आणि टिपरच्या मालकांसाठी माहितीपत्रक

गाडी सेल्फ घेते, पण इंजिन पकडत नाही. किंवा भरलेली गाडी घाटात अचानक पिकअप सोडते, चेक लाइट लागते आणि चावी बंद करून पुन्हा लावली की काही वेळ नीट चालते. अशा वेळी ‘ईसीएम गेला’ असे लगेच सांगितले जाते. ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणकाचा डबा. ईसीएम खराब होतो हे खरे, पण आपणहून क्वचितच होतो. बहुतेक वेळा त्याला बाहेरच्या कशाने तरी मारलेले असते. ते कारण गाडीत तसेच राहिले, तर नवा ईसीएमही पहिल्याच सेल्फला जळू शकतो. म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये आधी गाडी तपासली जाते आणि मगच डबा उघडला जातो.

हे पत्रक २४ व्होल्टच्या बीएस-४ (प्रदूषणाचे मानक) कॉमन रेल गाड्यांपुरते आहे, म्हणजे ज्यांत सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेल) जास्त दाबाचे डिझेल मिळते. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. बीएस-६ गाड्यांची पद्धत वेगळी आहे, ती इथे दिलेली नाही.

ईसीएम मेला आहे की उपाशी आहे?

स्कॅनर ईसीएमशी बोलत नसेल तर आधी बॅटरी पाहा. दोन्ही बॅटऱ्या मिळून, गाडी काही तास उभी असताना, २५.२ ते २५.६ व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना ईसीएमच्या कपलरपाशी १८ व्होल्टच्या खाली गेले तर ईसीएम मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि मग इंजेक्शन सुरूच होत नाही. यानंतर मेन रिले, फ्यूज आणि अर्थ. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून ईसीएमच्या अर्थ पिनपर्यंत सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपेक्षा जास्त घट आली, तर अर्थची लग काढून, गंज घासून, पुन्हा आवळा.

इथे मल्टिमीटरच्या ‘टीं’ आवाजावर विसंबू नये. वायरच्या आतल्या बहुतेक तारा तुटून एक-दोनच शिल्लक असल्या तरी मीटर आवाज देतो. त्यासाठी कपलर काढून, फक्त सप्लाय आणि अर्थच्या वायरींवर, २४ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. बल्ब साधारण ०.९ अँपिअर ओढतो. पूर्ण पेटला तर वायर चांगली, मंद पेटला तर वायर आतून गेलेली. सेन्सरच्या वायरींवर किंवा ईसीएमच्या पिनांवर हा बल्ब कधीही लावू नका.

रेल प्रेशर, बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), पेडल असे तीन-चार सेन्सरचे दोष-कोड स्कॅनरवर एकदम आले, तर ते सगळे सेन्सर एकाच दिवशी गेलेले नसतात. त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा कुठेतरी शॉर्ट झालेला असतो. चावी चालू ठेवून एकेका सेन्सरचा कपलर काढा. ज्याचा कपलर सुटताच ४.७५ ते ५.२५ व्होल्ट परत येतात, दोष त्याचा किंवा त्याच्या वायरिंगचा. सगळे काढूनही व्होल्टेज आले नाही तर हार्नेस (वायरींचा जुडगा) तपासायचा, आणि त्या लाइनवर शॉर्ट नाही हे पक्के झाल्यावरच संशय ईसीएमवर घ्यायचा. या एका तपासणीत पुष्कळ वेळा ईसीएमचा खर्च वाचतो.

कॅनच्या (ईसीएम आणि गाडीतले इतर कंट्रोलर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या) दोन वायरींमध्ये, बॅटरी सोडवून, ६० ओहम दिसायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० दिसले तर एक बाजू तुटलेली, शून्याजवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या.

‘एसपीएन ६२९, एफएमआय १२’ ही जोडी किंवा पी०६०६ हे कोड ईसीएमच्या आतल्या दोषाकडे बोट दाखवतात. पण उतरलेल्या बॅटरीवरही ते पडू शकतात. म्हणून आम्ही बॅटरी पूर्ण चार्ज करून कोड पुसतो. तेच पुन्हा आले तर ते खरे.

कशामुळे गेला?

वेल्डिंग हे आम्हाला सर्वांत जास्त चिंता वाटणारे कारण आहे. हौदा, मडगार्ड किंवा चेसिसवर वेल्डिंग करताना दोन्ही बॅटऱ्यांची टोके सोडवा, ईसीएमचे कपलर काढा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. फक्त आयसोलेटर (बॅटरीचा मेन स्विच) बंद करणे पुरेसे नाही.

चालू इंजिनवर बॅटरीचे टोक काढू नका. अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणात उसळते आणि ते थेट ईसीएमवर येते. चार्जिंग २७.५ ते २८.५ व्होल्टच्या आसपास हवे. ३० च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बदलल्याशिवाय नवा ईसीएम लावायचा नाही. उलट्या टोकांनी दिलेला जंप-स्टार्ट हेही नेहमीचे कारण.

इंजेक्टरची कॉइल बॉडीला शॉर्ट झाली की ईसीएममधला इंजेक्टर चालवणारा भाग जळतो. म्हणून सगळ्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स एकमेकांशी ताडून पाहतो. तो एक ओहमहूनही कमी असल्याने मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करावा लागतो. बॉडीशी मात्र कनेक्शन अजिबात दिसता कामा नये. चालू इंजिनवर इंजेक्टरच्या वायरींना हात लावू नका, तिथे बॅटरीपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज असते.

पाणी आत जाते ते बहुधा धुताना. ईसीएमच्या डब्यावर हवा खेळती राहण्यासाठी एक छोटी पडद्याची जागा असते. गरम डब्यावर थंड पाण्याचा प्रेशर मारला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढले जाते. त्या जागेवर रंगही मारू नका. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला तर पाणी पोहोचले असे समजा. पिनांवर काळे तेल दिसले तर ते ऑइल प्रेशर सेन्सरमधून वायरच्या आतून चढत आलेले असते. सेन्सर बदलून ती वायर नवी टाकावी लागते. डब्याखालची रबरी बुशे फाटली असतील तर हादऱ्यांनी आतले सोल्डरचे टाके सुटतात. बुशे स्वस्त असतात, ईसीएमबरोबर नवीनच घाला.

नवा ईसीएम बसवताना

जुन्या ईसीएमवरचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर जुळलेच पाहिजेत. इंजिन तेच असले तरी टिपर आणि मालवाहू ट्रक यांचे सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. जुना ईसीएम वाचता येत असेल तर त्यातला सगळा डेटा आम्ही आधी काढून ठेवतो आणि त्याच नंबरच्या डब्यात घालतो. मुख्य चिप मेली असेल तर हा मार्ग बंद होतो. मग चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून प्रोग्रॅमिंग करून घ्यावे लागते.

काढण्यापूर्वी चावी बंद करून काही मिनिटे थांबायचे. ईसीएम तेवढ्या वेळात शिकलेली मूल्ये साठवतो, आणि धूर स्वच्छ करायला युरिया वापरणाऱ्या गाडीत पंप युरियाच्या नळ्या रिकाम्या करतो. (रोजही आयसोलेटर लगेच बंद करू नये, नळ्यांत युरियाचे खडे होतात.) मग निगेटिव्ह टोक आधी सोडवायचे. कपलरमध्ये जाड सुई खुपसून मोजमाप करू नये; पिन सैल होते आणि काही दिवसांनी न सापडणारा दोष तयार होतो.

प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-अंकांचा कोड असतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात सहा कोड, सिलिंडरच्या क्रमानेच, ईसीएममध्ये भरावे लागतात. चुकले तर गाडी सुरू होते, पण आयडलला थरथरते, धूर काढते आणि डिझेल जास्त खाते. याशिवाय चेसिस नंबर, इमोबिलायझर, गाडीच्या प्रकाराप्रमाणे ठरलेली वेगमर्यादा आणि टिपर असेल तर पीटीओचे (हौदा उचलणाऱ्या पंपाला इंजिनची ताकद देणाऱ्या जोडणीचे) आरपीएम भरायचे असतात. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडले तर नवा डबा तिथेच निकामी होऊ शकतो.

सेल्फ मारताना रेल प्रेशर साधारण २०० बारच्या वर चढले की इंजिन पकडते. तेवढे चढत नसेल तर ईसीएमला दोष देण्याआधी डिझेल फिल्टर, डिझेलच्या नळीत शिरलेली हवा आणि पंप पाहा.

वेगमर्यादा काढणे, युरिया किंवा ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारी यंत्रणा) बंद करणे ही कामे आम्ही करत नाही. ती बेकायदा आहेत आणि त्यांचा त्रास शेवटी मालकालाच होतो.

गाडी आणताना

आरसी, दोन्ही चाव्या आणि आधी कुठे काम झाले असेल तर त्याचे बिल आणा. अलीकडे वेल्डिंग, जंप-स्टार्ट, बॅटरी बदल किंवा धुलाई झाली असेल तर न लपवता सांगा, तपासणीचे तास वाचतात. कोड आधीच पुसू नका, आम्हाला ते जसेच्या तसे हवे असतात. मोजलेली सगळी व्होल्टेज आणि जुने-नवे नंबर लिहून दिले जातात, आणि जुना ईसीएम तुम्हाला परत मिळतो. तीन-चार दिवस भार घेऊन गाडी चालवल्यावर एकदा पुन्हा आणा. साठलेले कोड आणि कपलरचे लॉक तपासायला वीस मिनिटे लागतात.