वाचे

स्लोव्हेनियाच्या मध्यभागातील डोंगराळ खेडे. राजधानी ल्युब्ल्यानाच्या पूर्वेस, सावा नदीच्या उत्तरेकडील टेकड्यांवर वसलेले हे गाव लितिया नगरपालिकेत मोडते. येथे सापडलेल्या लोहयुगीन अवशेषांमुळे, विशेषतः ‘वाचेची सितुला’ या काशाच्या बादलीमुळे, गावाचे नाव युरोपभर पोचले.

लोहयुगात, मध्य युरोपातल्या हालस्टाट संस्कृतीच्या काळात, गावावरच्या टेकडीवर तटबंदीची वस्ती होती आणि आसपासच्या उतारांवर तिची दफने. 1882 मध्ये यानेझ ग्रिल्त्स या गावकऱ्याला एका थडग्यात सितुला मिळाली. सितुला म्हणजे कड्याची बादली. मेजवानीत पेय वाढण्याचे भांडे. वाचेची सितुला जेमतेम 24 सेंमी. उंच, म्हणजे घरातल्या पाण्याच्या कळशीएवढीही नाही. काळ सुमारे इ. स. पू. 500. काशाचे पत्रे रिव्हेटांनी जोडून ती घडवली असून, पत्रा मागून ठोकून चित्रांना उठाव दिला आहे.

चित्रांचे तीन पट्टे आहेत. वरच्या पट्ट्यात घोडेस्वार आणि रथांची मिरवणूक, खालच्यात प्राण्यांची रांग. त्यातल्या हिंस्र पशूच्या तोंडातून भक्ष्याची तंगडी लोंबते आहे. खरी गंमत मधल्या पट्ट्यात आहे. आसनांवर बसलेल्या पुरुषांना पेय दिले जात आहे, एक जण नळ्यांचा पावा वाजवतो आहे आणि दोन मल्ल हातांत डंबेल्ससारखी वजने घेऊन समोरासमोर उभे आहेत. दोघांच्या मधोमध शिरस्त्राण आहे. ते जिंकणाऱ्याचे बक्षीस असावे. या लोकांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेले काही हाती नाही. त्यांचे सण, कपडे, खेळ कळतात ते अशा भांड्यांवरून, म्हणून या बादलीचे मोल तिच्या धातूत मोजता येत नाही.

सितुला ल्युब्ल्यानाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बाकीचा ठेवा मात्र पांगला. त्या काळी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीत होता आणि हौशी मंडळींपासून संग्राहकांपर्यंत अनेकांनी येथे उकरले. लढाईचे दृश्य कोरलेला काशाचा कमरपट्टा व्हिएन्नाला गेला. मेक्लेनबुर्ग या जर्मन राजघराण्यातील डचेसने पहिल्या महायुद्धापूर्वी खणून काढलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच अमेरिकेत हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात पोचल्या. ज्या मातीने हे सगळे जपले, त्या गावात आज सितुलेची मोठी प्रतिकृती उभी आहे.

गावाजवळच्या स्लिव्ना येथे स्लोव्हेनियाचा भौगोलिक मध्यबिंदू असून तेथे 1982 मध्ये स्मारक उभारले गेले. देश स्वतंत्र झाला तो त्यानंतर नऊ वर्षांनी.