तो सोनेरी छताचा फोटो सिस्टीन चॅपलचा नाहीये

युरोप टूरला कोणी गेलं की फॅमिली ग्रुपवर तो एक फोटो येतोच, लांबलचक कमानदार छत, सगळं सोनं नुसतं चमकतंय, आणि खाली "सिस्टीन चॅपल! मायकलअँजेलोची कमाल!!" अहो, सिस्टीन म्हणजे व्हॅटिकनमधलं पोपचं चॅपल, तिथे फोटो काढायला बंदी आहे. तुम्ही चालता चालता निवांत व्हिडिओ काढलात ना, मग ती व्हॅटिकनमधलीच पण त्याआधी लागणारी नकाशांची गॅलरी.

सिस्टीनचं छत तुम्हाला माहितीये, 1508 ते 1512 मध्ये मायकलअँजेलोनं रंगवलेलं, देव आणि आदमची ती जवळ आलेली बोटं वगैरे, सोडा. गॅलरी पोप ग्रेगरी तेरावे यांची, 1580 नंतरची (आपल्या घरातलं इंग्रजी कॅलेंडर पण त्यांचंच), आणि मायकलअँजेलो 1564 मध्येच वारलेला, त्यामुळे त्याचा इथे काही संबंध नाही. गॅलरीचं छत मुत्सियानो आणि नेब्बिया या चित्रकारांच्या देखरेखीखाली झालं. सिस्टीनमधल्या चौकटी नि संगमरवर सगळं रंगवलेलं, इथे मात्र गिलाव्यातून खरोखरचा उठाव काढून त्याला सोनं लावलंय. बास, ओळखायला एवढं पुरे.

पण नाव बरोबर लिहिणारे लोकसुद्धा जिथे हमखास गंडतात ते वेगळंच आहे. सिस्टीनचं छत एकटं बघता येतं, बायबलमधली उत्पत्तीची गोष्ट तिथे वरतीच पूर्ण होते, खाली बघितलं नाही तरी चालतं. गॅलरीत असं केलंत की अर्धं गेलं. इथे भिंतींवर इन्यात्सिओ दान्तीच्या आराखड्यावरून रंगवलेले 40 नकाशे आहेत, बहुतेक सगळे इटलीच्या प्रांतांचे आणि बेटांचे. दान्ती म्हणजे धर्मगुरू आणि गणिती, ग्रेगरींच्या त्या कॅलेंडर सुधारणाऱ्या मंडळातही होता. तर खाली जो प्रांत, वर छतावर त्याच प्रांतात घडलेले संतांचे चमत्कार आणि चर्चच्या इतिहासातले प्रसंग. म्हणजे कुठे ते भिंतीवर आणि काय घडलं ते डोक्यावर. शिवाय मांडणी अशी की 120 मीटरची ही गॅलरी म्हणजे इटलीच्या मधोमध गेलेली अपेनाइन्स डोंगररांग समजायची, तुम्ही त्या डोंगरावरून चालताय, एका हाताला पूर्वेच्या एड्रियाटिक समुद्राकडचे प्रांत, दुसऱ्या हाताला पश्चिमेच्या समुद्राकडचे. हे कळल्याशिवाय ते छत नुसतं लग्नाच्या हॉलचं डेकोरेशन वाटतं आणि लोक तसंच बघून पुढे पळतात, कारण गाइडला सिस्टीन गाठायचं असतं.

आणि काही नकाशांत दक्षिण वर आहे. ते "उलटे टांगलेले" नाहीयेत, उत्तर वरच हवी हा हट्ट तेव्हा नव्हता.

मला विचाराल तर सोन्यापेक्षा नकाशेच भारी. टोकाला 1565 चा माल्टाचा वेढा आणि 1571 ची लेपान्तोची समुद्री लढाई पण आहे, दोन्ही ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या, म्हणजे रंगवले तेव्हा जेमतेम वीस वर्षांतल्या ताज्या बातम्या, आणि नेमकं तिथे पोचेपर्यंत सगळ्यांच्या माना वर करून आखडलेल्या असतात.